जॉन डीकनची टेप

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची 'ग्रेटेस्ट फ्लिक्स' ही व्हिडिओ कॅसेट मी जॉन डीकनसाठी बघते. हे वाचून क्वीनचे चाहते हसणार, मला ठाऊक आहे. समोर गाणारा फ्रेडी मर्क्युरी असताना, गिटारवाल्या ब्रायन मेचे ते केस असताना, ड्रमवाल्या रॉजर टेलरचा तो चेहरा असताना बेस गिटार वाजवणाऱ्याकडे कोण बघत बसतं? मी बसते. माझं काम व्हिडिओ एडिटिंगचं. या धंद्यात एक खोड लागते: मधल्या माणसाकडे बघायचंच नाही. मधला माणूस आपली काळजी आपण घेतो. शॉट बिघडतो किंवा उजळतो तो कडेला उभ्या असलेल्यामुळे. आणि क्वीनच्या व्हिडिओंत कडेला बहुतेक वेळा जॉन असतो.

(फ्रेडी पाचगणीच्या शाळेत शिकला हे सांगितल्याशिवाय क्वीनवर मराठीत काही लिहिता येत नाही असा अलिखित नियम आहे. सांगितलं. पुढे जाऊ.)

टेप माझ्या मामाची. तो मर्चंट नेव्हीत होता आणि परदेशातून साबण-चॉकलेटं आणण्याऐवजी कॅसेटी आणायचा, त्याबद्दल मामीची बोलणी खायचा. ही इंग्लंडची पाल पद्धतीची (आपल्या टीव्हीचीही तीच) टेप, त्यामुळे आपल्याकडच्या व्हीसीआरवर काही कटकट न होता चालली. मी तेव्हा शाळेत होते. बघता बघता मी त्याला विचारलं होतं, "मामा, हा गप्प उभा आहे तो कोण रे?"

"तो होय? तो जॉन. त्याच्याकडे नको बघूस, त्याला आवडत नाही."

मामा चेष्टा करत होता, पण पुढे वाचनात जे काही आलं त्यावरून तो फारसा चुकला नव्हता.

'ग्रेटेस्ट हिट्स' हा अल्बम २६ ऑक्टोबर १९८१ ला इंग्लंडात आला. ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हाच; सत्तर लाखांच्या वर प्रती. त्याच्या जोडीने दोन गोष्टी काढल्या होत्या: 'ग्रेटेस्ट पिक्स' हे फोटोंचं पुस्तक आणि 'ग्रेटेस्ट फ्लिक्स' ही टेप. एमटीव्ही अमेरिकेत सुरू झालं १ ऑगस्ट १९८१ ला, म्हणजे जेमतेम तीन महिने आधी. गाण्याचा व्हिडिओ ही तोवर सहसा विकायची वस्तू नव्हती. रेकॉर्ड खपावी म्हणून टीव्हीवाल्यांना फुकट पाठवायचा तो प्रोमो. बँड दौऱ्यावर असला की बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या स्टुडिओत जाऊन ओठ हलवायला वेळ नसे, मग स्वतःच्या जागी ही फीत पाठवायची. म्हणून या टेपवरचे बरेच व्हिडिओ बघताना कळतं की ते कुणी कपाटात जपून ठेवण्यासाठी केलेले नाहीत. अर्धा दिवस हाताशी आहे, हॉल मिळालाय, दिवे आहेत, उरका. मला ही टेप आवडते ती या उरकण्यामुळे. घाईत माणूस कॅमेऱ्यासमोर तयारी करून येत नाही, आहे तसा येतो.

सगळ्यात गाजलेला व्हिडिओ आधी घेऊ, नाहीतर तुम्ही त्याचीच वाट बघत बसाल. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १० नोव्हेंबर १९७५ ला एल्स्ट्री स्टुडिओत शूट झाला. बँडची दौऱ्याची तालीम तिथेच चालू होती, चार दिवसांनी लिव्हरपूलला पहिला कार्यक्रम होता. दिग्दर्शक ब्रूस गोवर्स. काम चारेक तासांत संपलं, खर्च साडेचार हजार पौंडांच्या आसपास. सिनेमाच्या फिल्मवर नाही, थेट व्हिडिओ टेपवर, ओबी व्हॅन (बाहेरच्या चित्रणाची गाडी) लावून. २० नोव्हेंबरला तो 'टॉप ऑफ द पॉप्स'वर दिसला आणि पुढे गाणं नऊ आठवडे पहिल्या नंबरावर बसून राहिलं.

अंधारातले ते चार चेहरे १९७४ च्या 'क्वीन टू' अल्बमच्या कव्हरवरून उचललेले. तो फोटो मिक रॉकचा, आणि त्यालाही तो सुचला मार्लीन डीट्रिक या नटीच्या एका जुन्या फोटोवरून. ऑपेराचा भाग आला की एकाच चेहऱ्याचे पाच-सहा चेहरे होतात, ते कुठल्याही संगणकाने केलेलं नाही. लेन्सपुढे पैलू पाडलेली काच धरली आहे, बस. आणि 'मॅग्निफिको' हा शब्द लांबत जातो तेव्हा चेहऱ्यामागे चेहरा, त्यामागे आणखी एक अशी जी रांग लांब पळत जाते, ती कॅमेरा त्याच्याच मॉनिटरकडे वळवून मिळवलेली. कॅमेरा मॉनिटर बघतो, मॉनिटर कॅमेऱ्याचं चित्र दाखवतो, ते पुन्हा कॅमेरा बघतो. माइक स्पीकरसमोर धरला की जी शिट्टी वाजते, तिचाच हा चित्रातला सख्खा भाऊ. शिकत असताना आम्ही सगळ्यांनी हा प्रकार करून बघितलाय आणि त्याबद्दल ओरडाही खाल्लाय, कारण जुन्या कॅमेऱ्यांच्या ट्यूबला अशा वागण्याने डाग पडायचे.

पण जॉन. सुरुवातीला वाद्यं नसतात, फक्त गळे. पडद्यावर चार तोंडं हलतात. ऐकू येणारे सगळे आवाज मात्र एकट्या फ्रेडीचे आहेत, त्याने स्वतःवरच थर चढवलेत. ऑपेराच्या भागात ब्रायन आणि रॉजर त्याला मिळतात. जॉन त्या रेकॉर्डवर कुठेच गात नाही. तरी व्हिडिओत तो इमानदारीत ओठ हलवतोय, एक अक्षर चुकवत नाही. बघा एकदा नीट. बाकीचे तिघे अभिनय करतायत; हा पाठांतर म्हणून दाखवतोय.

'समबडी टू लव्ह'मध्ये हे आणखी गंमतीदार होतं. शंभर माणसांचा चर्चमधला गायनवृंद वाटावा असा तो कोरस फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांनीच पुन्हा पुन्हा गाऊन रचलाय. व्हिडिओत स्टुडिओतल्या एका माइकभोवती चौघं उभे केलेत, कारण तिघंच दाखवले असते तर चौथा कुठाय असं लोकांनी विचारलं असतं. मग जॉनलाही उभं केलं. लग्नाच्या स्टेजवर फोटोसाठी हात धरून ओढलेला लांबचा पाहुणा जसा दिसतो, अगदी तसा तो दिसतो: हसायचं की नाही हे ठरत नाहीय, पण फोटो बिघडवायचाही नाहीय. मधे मधे १८ सप्टेंबर १९७६ च्या हाइड पार्कच्या कार्यक्रमाचे शॉट येतात आणि तिथे तो एकदम मोकळा असतो. हातात वाद्य आहे ना.

खरं तर या माणसाला वाद्यापेक्षाही सोल्डरिंग आयर्न जवळचं असावं. चेल्सी कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्समध्ये पहिल्या वर्गात पास झालेला. कचऱ्याच्या डब्यात सापडलेल्या एका सर्किट बोर्डापासून त्याने छोटा अॅम्प्लिफायर केला. चाहत्यांत तो 'डीकी अॅम्प' म्हणून ओळखला जातो. ब्रायनच्या गिटारमधून जे सनई-व्हायोलिनसारखे सूर निघतात त्यातले कितीतरी त्या डबड्यातून निघालेत. पूर्ण टेपमध्ये तो अॅम्प एकदाही दिसत नाही. दिसणार कसा, तो बघण्यासारखा नाहीच मुळी.

आता 'यू आर माय बेस्ट फ्रेंड'. हे गाणं जॉनचं, बायकोसाठी लिहिलेलं. त्यात जो गुरगुरणारा पियानो आहे तो वुर्लिट्झर कंपनीचा इलेक्ट्रिक पियानो. फ्रेडीला ते वाद्य मुळीच आवडत नव्हतं, त्याने हात लावायला नकार दिला, तेव्हा जॉनने घरी नेलं आणि स्वतः शिकला. व्हिडिओत मात्र तो झकास ग्रँड पियानोसमोर बसलाय. मोठा दिवाणखाना, वर झुंबर, हजारावर मेणबत्त्या. एल्स्ट्रीलाच, पुन्हा ब्रूस गोवर्स. त्या मेणबत्त्या आणि वरून स्टुडिओचे दिवे यांनी सगळ्यांना घामाघूम केलं होतं, आणि ते दिसतं. कातडी चमकतेय ती मेकअपने नाही. मला वाटतं या टेपवर जॉनला मधे येण्याचा हा पहिला मोका होता, आणि तो पियानोच्या आड बसून राहिला. गाणं आपलं, बायको आपली, वाद्य आपण शिकलेलं. तोंड मात्र फ्रेडीचं पुढे. त्यात त्याला काही वावगं वाटल्याचं दिसत नाही. उलट सुटल्यासारखा दिसतो.

'वी आर द चॅम्पियन्स' ऑक्टोबर १९७७ मध्ये न्यू लंडन थिएटरात झाला. समोरची गर्दी म्हणजे फॅन क्लबची मंडळी. त्यांना बोलावून तेच ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकवून हात हलवायला लावलं, आणि मग आभार म्हणून बँडने खरोखरच्या गाण्यांचा छोटा कार्यक्रम तिथल्या तिथे वाजवून टाकला. त्याचं चित्रण टेपवर असतं तर मी बाकी अर्धी टेप सोडून दिली असती.

आणि मग बर्फ.

जानेवारी १९७८. रॉजर टेलरच्या नव्या घराच्या मागची बाग. 'वी विल रॉक यू' आणि 'स्प्रेड युअर विंग्ज' हे दोन्ही एकाच ठिकाणी उरकलेत. जमिनीवर बर्फ, झाडं उघडी, आकाश राखाडी. चौघांच्या तोंडातून वाफ निघतेय. फ्रेडीने गॉगल लावलाय. ब्रायनच्या हातात त्याची स्वतःची 'रेड स्पेशल' नाहीच. ती गिटार त्याने वडिलांबरोबर घरी केलेली, मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची. ती असल्या हवेत बाहेर काढण्याची त्याची छाती झाली नाही. जॉन बर्च या कारागिराने केलेली तिची नक्कल तो वाजवतोय. वाजवतोय कसला, बोटं हलवतोय, आणि तीही धड हलत नाहीयेत.

मी या व्हिडिओवर जितकी रेंगाळते तितकी दुसऱ्या कशावर नाही. 'स्प्रेड युअर विंग्ज' पुन्हा जॉनचं. बारमध्ये झाडू मारणारा सॅमी नावाचा पोरगा, त्याला सगळे सांगतात ऊठ, पंख पसर, उडून जा. क्वीनच्या सिंगल्समध्ये (सुट्या काढलेल्या गाण्यांत) ज्यात मागे कोरस म्हणून कुणी गातच नाही असं हे पहिलं गाणं. इंग्लंडात ३४ व्या नंबरापर्यंत गेलं आणि थांबलं. 'ग्रेटेस्ट हिट्स' अल्बमवर ते नाहीच. टेपवर मात्र आहे, कारण व्हिडिओ केलेला होता. अल्बम निवडताना लोकप्रियता मोजली गेली आणि टेप भरताना हाताशी काय आहे ते बघितलं गेलं. या एवढ्याशा फरकामुळे जॉनचं एक गाणं जास्तीचं पदरात पडलं. म्हणून मी म्हणते, ही टेप अल्बमची चित्रांची आवृत्ती नव्हे. तिचा हिशेब वेगळा आहे.

तर त्या बर्फात तो उभा आहे. पंख पसरा म्हणणारं गाणं ज्याने लिहिलं, तो पाय घट्ट रोवून, खांदे आखडून, मान खाली घालून बेस वाजवतोय. कॅमेरा फ्रेडीवरून निघतो, ब्रायनकडे जातो, परत फ्रेडीवर येतो. एडिटरने जॉनला फारसे शॉट दिलेले नाहीत, आणि त्या एडिटरला मी दोष देत नाही. फ्रेडी गॉगल लावून का होईना, कॅमेऱ्याला काहीतरी देतोय. जॉन काहीच देत नाही. पण थंडी त्याच्याकडे बघितल्यावर कळते. फ्रेडीकडे बघून वाटतं बर्फ सेटवाल्यांनी पसरलाय. जॉनकडे बघून वाटतं, अरे, यांना घरात घ्या आणि काहीतरी गरम द्या.

'बायसिकल रेस'बद्दल एकच सांगते. विम्बल्डन स्टेडियमवर पासष्ट मुलींना विवस्त्र सायकली चालवायला लावलं, सायकली भाड्याच्या होत्या, आणि भाड्याने देणाऱ्यांनी सगळ्या सीटांचे पैसे वसूल केले. १९७८ मध्ये हे खट्याळ वाटलं असेल, मला ते आज कंटाळवाणं वाटतं. कुणी नाराज झालं म्हणून नाही, त्यात बघायला काही नाही म्हणून. त्यानंतरचे दोन-तीन प्रत्यक्ष कार्यक्रमातले तुकडे, डॅलसचं 'फॅट बॉटम्ड गर्ल्स', ब्रुसेल्सचं 'डोन्ट स्टॉप मी नाऊ', हे लोक सहसा पुढे ढकलतात. ढकलू नका. 'डोन्ट स्टॉप मी नाऊ'मध्ये रॉजरचे ड्रम आणि जॉनचा बेस एकमेकांना कसे धरून आहेत ते बघा. मूळ रेकॉर्डमध्ये गिटार जवळजवळ नाहीच, ब्रायन एका छोट्या सोलोपुरता येतो. सगळं ओझं पियानो, बेस आणि ड्रमवर.

इथे टेपच्या आवाजाबद्दल बोलायला हवं, कारण ते माझ्या माणसाच्या फायद्याचं आहे. जुन्या व्हीएचएसवर आवाज टेपच्या कडेला एका अरुंद पट्टीवर लांबीच्या दिशेने नोंदलेला असतो. चित्र फिरत्या डोक्याने तिरकं लिहिलं जातं, त्यामुळे टेप सावकाश सरकली तरी चालतं. आवाजाला तो वेग पुरत नाही. पाल व्हीएचएसमध्ये टेप सेकंदाला साधारण २.३४ सेंटीमीटर सरकते. साध्या ऑडिओ कॅसेटचा वेग ४.७६, म्हणजे दुप्पट. वेग कमी की सगळ्यात आधी वरचे सूर जातात: झांजांची चकाकी, स चे उच्चार, गिटारच्या तारेचा ओरखडा. खालचे सूर तग धरतात. पुढे हाय-फाय व्हीसीआर आले आणि हे सुधारलं, पण माझ्या टेपवर रॉजरच्या झांजा भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या वाजतात आणि जॉनचा बेस मात्र जसाच्या तसा. सगळा बँड एक पाऊल मागे गेलाय आणि तो पुढे आलाय. ध्वनिशुद्धीवाले कानाला हात लावतील. लावू देत.

'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' फ्रेडीला म्युनिकच्या हॉटेलात आंघोळ करताना सुचलं, आणि व्हिडिओही तितकाच हलका आहे: चामडी जाकिटं, मोटरसायकल, जमिनीतून वर येऊन टाळ्या वाजवणारे हात. 'सेव्ह मी'मध्ये ब्रायनच्या कल्पनेतली मुलगी आणि कबुतर, अॅनिमेशन. छान आहे, पण जॉन नावापुरता. 'प्ले द गेम'मध्ये फ्रेडीला पहिल्यांदा मिशी दिसते आणि चाहत्यांनी त्यावर फार आरडाओरडा केला. मला त्यात ब्रायनच्या हातातली साधी स्ट्रॅटोकास्टर गिटारची नक्कल बघायला मजा येते. फ्रेडी ती हिसकावून परत फेकतो असं दृश्य होतं, तेव्हा घरी केलेली गिटार आणायचा प्रश्नच नव्हता. एकूण ब्रायन मेची गिटार कुठल्या व्हिडिओत गैरहजर आहे यावरून त्या दिवशी सेटवर काय धोका होता ते ओळखता येतं.

मग 'अनदर वन बाइट्स द डस्ट'. हे जॉनचं टेपवरचं तिसरं गाणं आणि क्वीनचं अमेरिकेतलं सगळ्यात मोठं. १९८० च्या ऑक्टोबरात तिथे तीन आठवडे पहिल्या नंबरावर. बेसच्या त्या सुरावटीने सुरू होतं आणि ती काढली तर गाण्यात काही उरतच नाही. रेकॉर्डवर बेसच काय, ऱ्हिदम गिटारही त्यानेच वाजवलीय. सिंगल म्हणून काढा असा आग्रह मायकल जॅक्सनने धरला होता. व्हिडिओ ऑगस्ट १९८० मध्ये डॅलसच्या रियुनियन अरीनात, संध्याकाळच्या कार्यक्रमाआधीच्या साउंड चेकमध्ये उरकला. गर्दी नाही, सजावट नाही. आणि कॅमेरा? फ्रेडीवर. साहजिक आहे. तरी माझा जीव तळमळतो. ज्या गाण्याचा कणाच बेस आहे, त्यात बेसवर हात ठेवलेला एक लांब, न हलणारा शॉट देता आला नसता? त्याची बोटं काय करतात ते दाखवा, इतकंच. मला फुटेज मिळालं असतं तर मी सुरुवातीच्या आठ मात्रा फक्त हातांवर ठेवल्या असत्या आणि फ्रेडी तोंड उघडेपर्यंत त्याला दाखवलंच नसतं. फ्रेडीलाही ते आवडलं असतं असं मला उगाचच वाटतं; त्याला दमदार एंट्री कळायची.

पहिली टेप 'फ्लॅश'वर संपते. दुसरी, 'ग्रेटेस्ट फ्लिक्स टू', १९९१ ची. तिच्यात पैसा दिसतो. 'रेडिओ गा गा'मध्ये फ्रित्झ लांगच्या १९२७ च्या 'मेट्रोपोलिस'चे तुकडे आणि एका तालात टाळ्या वाजवणारे पाचेकशे फॅन क्लबवाले. 'ब्रेकथ्रू'साठी वाफेचं इंजिन आणि अख्खी आगगाडी. पण 'अंडर प्रेशर'मध्ये बँडही नाही आणि बरोबर गाणारा डेव्हिड बोवीही नाही, सगळं जुनं फुटेज: कोसळणाऱ्या इमारती, गर्दी, मूकपटांतले चेहरे. बँड आणि बोवी एकत्र शूटिंगला मिळतच नव्हते, म्हणून दिग्दर्शक डेव्हिड मॅलेटने असं जमवलं. म्हणजे तिथे जॉनचे फक्त सूर आहेत, तो नाही, आणि बाकीचेही नाहीत. प्रथमच सगळे त्याच्या बरोबरीला आले. त्या बेसची गोष्ट बँडवाल्यांनी मुलाखतींत सांगितलीय: जॉनने सुरावट बसवली, सगळे जेवायला गेले, परत आले तर त्याला ती आठवेना. रॉजरला आठवत होती म्हणून वाचली.

'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' अर्थात सगळ्यांना माहीत आहे. इंग्लंडातल्या 'कॉरोनेशन स्ट्रीट' या मालिकेची टिंगल, चौघं बायकांच्या वेशात. फ्रेडी व्हॅक्यूम क्लीनर फिरवतो, ब्रायन केसांत रोलर घालून झोपेतून उठतो, रॉजर शाळकरी मुलगी झालाय आणि अन्याय म्हणजे सुंदर दिसतो. आणि कोचावर काळी टोपी घालून वर्तमानपत्र वाचत बसलेली, सगळ्या घराकडे वैतागून बघणारी आजी? जॉन. गाणं त्याचंच आहे हे लक्षात घ्या. मला मोकळं व्हायचंय म्हणून जो आक्रोश चाललाय तो ज्याने लिहिला, तोच कोपऱ्यात बसून 'काय कटकट आहे' असा चेहरा करून बघतोय. या दोन टेपांवर त्याने केलेला हा एकमेव खरा अभिनय, आणि तो चौघांत सरस आहे. त्याला काही करावंच लागलं नाही, हे त्यामागचं गुपित असावं.

'द मिरॅकल'मध्ये लहान मुलं क्वीन होऊन नाचतात. फ्रेडी झालेला मुलगा भन्नाट आहे. पण मला नेहमी प्रश्न पडतो, जॉन झालेल्या पोराला दिग्दर्शकांनी काय सांगितलं असेल? "बाळ, तू काही करू नकोस, पण नीट कर"?

शेवटाकडे 'द शो मस्ट गो ऑन' येतो. फ्रेडी इतका आजारी होता की नवं शूटिंग शक्यच नव्हतं, म्हणून १९८१ ते १९९१ मधल्या जुन्या तुकड्यांतून तो व्हिडिओ जोडला. सिंगल १४ ऑक्टोबरला आलं, फ्रेडी २४ नोव्हेंबरला गेला. एडिटर म्हणून मला त्या कामाबद्दल आदर आहे. कुठेही गळा काढलेला नाही. नुसते दहा वर्षांतले कपडे, केस, मिशा भराभर पालटतात. जॉनचे केस त्यात कितीदा बदलले ते मोजायला गेलं तर गाणं संपतं.

२००२ मध्ये पहिल्या टेपमधला ऐवज 'ग्रेटेस्ट व्हिडिओ हिट्स वन' या नावाने डीव्हीडीवर आला. आवाज अफाट, सहा दिशांनी येणारा, झांजा परत जिवंत. पण रुंद टीव्हीला बसावं म्हणून कित्येक व्हिडिओंची चौकट वरून-खालून कापली. गाणाऱ्याचं यात काही जात नाही, त्याचा चेहरा मधेच असतो. चौकटीचा खालचा भाग गेला की पहिला बळी जातो तो कमरेशी धरलेल्या बेसचा. आधीच त्या माणसाला चार शॉट, त्यातही हात कापलेले! फिल्मवर शूट केलेलं असेल तर निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून काय हवं ते करा, पण मूळ चौकट राखा, एवढं साधं आहे.

त्या डीव्हीडीवर ब्रायन आणि रॉजर यांची कॉमेंट्रीही आहे. चित्र चालू असताना दोघं गप्पा मारतात, हा बर्फ, ती मेणबत्ती. जॉन नाही. १९९७ च्या जानेवारीत पॅरिसला तो शेवटचा बँडबरोबर स्टेजवर वाजवून गेला, त्यानंतर तो या सगळ्यापासून दूरच आहे. ती कॉमेंट्री मी एकदाच ऐकली. माहिती भरपूर मिळते, पण दोघंही बोलके आहेत आणि सतत बोलत राहतात, त्यामुळे बेस ऐकू येत नाही.

दोन्हींतून एक निवडायचं झालं तर आवाजासाठी डीव्हीडी घ्या. चालू व्हीसीआर असेल आणि टेप कुठे मिळाली तर चित्रासाठी ती घ्या, ट्रॅकिंगचं (चित्र सरळ करायचं) बटण हाताशी ठेवा, आणि 'स्प्रेड युअर विंग्ज' पुढे ढकलू नका.